पिल्लं तपकिरी निघाली, आता पुढे काय? पाळीव सापांच्या रंगांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परदेशातल्या आपल्या लोकांच्या घरातल्या पाळीव सापांबद्दल दोनच ओळी छापल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम सापांच्या रंगांनाच देतोय. वाचकांच्या विनंतीवरून कुणाचंच नाव दिलेलं नाही, फक्त गाव दिलंय.

प्रश्न: आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. मुलगा हायस्कूलला आहे आणि त्याच्याकडे कॉर्न स्नेकची (अमेरिकेतला बिनविषारी साप) जोडी आहे. नर केशरी-पांढरा, लाल डोळ्यांचा, त्याला तो अमेल म्हणतो. मादी काळी-करडी, तिला अनेरी म्हणतो. या वर्षी १४ अंडी झाली. त्याला वाटत होतं की पांढरीशुभ्र स्नो पिल्लं निघतील, पण सगळीच्या सगळी मळकट तपकिरी-करडी निघाली. विकणाऱ्याने फसवलं म्हणून तो हिरमुसून बसलाय, धड जेवत पण नाही. खरंच फसवणूक झाली का? (एक आई, शार्लटजवळून)

ताई, आधी त्याला पोटभर जेवायला घाला. फसवणूक झालेली दिसत नाही, उलट खऱ्या अमेल आणि खऱ्या अनेरीच्या जोडीला १४च्या १४ पिल्लं अशी साधीच निघणं अपेक्षित असतं. कसं ते सांगतो.

सापाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात, काळा-तपकिरी रंग धरणाऱ्या वेगळ्या, लाल-पिवळा धरणाऱ्या वेगळ्या, आणि तिसऱ्या असतात त्यात रंग नसतोच, बारीक स्फटिक असतात जे उजेड परतवतात. अमेलमध्ये काळा रंग बनतच नाही म्हणून उरतो केशरी-लाल-पांढरा. अनेरीमध्ये लाल गायब असतो म्हणून उरतो काळा-करडा. हे दोन वेगवेगळ्या जीन्सचे बिघाड आहेत आणि दोन्ही रिसेसिव्ह, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तोच बिघडलेला जीन मिळाला तरच रंगात दिसतो. आता तुमच्या नराने प्रत्येक पिल्लाला अमेलचा एक जीन दिला, पण मादीने अमेलच्या जागी धडधाकट जीन दिला. मादीने अनेरीचा एक दिला, तिथे नराने धडधाकट दिला. त्यामुळे प्रत्येक पिल्लाकडे दोन्ही गोष्टींची एकेक चांगली प्रत आहे, तेवढी पुरते, आणि पिल्लू दिसायला रानातल्या कॉर्न स्नेकसारखंच होतं. यांना हौशी लोक डबल हेट म्हणतात, म्हणजे दोन रंग पोटात लपवलेलं पिल्लू. दोघांतला एक जरी साप दुसऱ्याचा रंग लपवून असता ना, तर १४ मध्ये एखाददुसरं तरी रंगीत निघालं असतं.

आणि एक गोष्ट त्याला जरूर सांगा, हा सगळा अमेलचा खेळ सुरू झाला तो तुमच्याच राज्यातून. १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनात रानात एक अमेल नर सापडला. जॉर्जियातल्या वाल्डोस्टाचे डॉक्टर बर्नार्ड बेक्टेल, व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ पण सापांचं भारी वेड, त्यांनी त्याची साध्या मादीशी जोडी लावली आणि त्यांचीही पहिली पिढी सगळी साधीच निघाली, अगदी तुमच्या मुलाची निघाली तशी. ते थांबले. ती पिल्लं मोठी होऊ दिली, त्यांची जोडी लावली आणि १९६१ मध्ये कैदेत जन्मलेली पहिली अमेल पिल्लं बाहेर आली. १९६२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने ते शास्त्रीय नियतकालिकात छापलं. आज जगभरात घराघरात जे केशरी कॉर्न स्नेक दिसतात त्यामागे ही चिकाटी आहे. पुढे २०१५ मध्ये जिनिव्हा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी तो बिघडलेला जीन पण पकडला, ओसीए२ नावाचा, माणसातल्या आल्बिनिझमच्या, म्हणजे जन्मतःच अंगात रंग कमी असण्याच्या, एका प्रकाराला हाच जीन कारण असतो. सापात काय झालं होतं तर डीएनएचा एक भटका तुकडा येऊन या जीनच्या मध्येच घुसला होता.

आता पिल्लं मळकट का दिसतात. साध्या कॉर्न स्नेकचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा तसंच असतं हो! करड्या अंगावर काळसर-तपकिरी ठिपके आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये, विशेषतः मानेकडे, केशरी रंगाची जराशी झाक. काळा रंग अंड्यातच भरून तयार असतो, लाल आणि पिवळा मात्र सावकाश भरत जातो. साधारण आठवडा-दहा दिवसांनी पहिली कात टाकतील, त्यानंतर रंग एकदम स्वच्छ दिसतो, आणि पुढे प्रत्येक कातीला करडा मागे हटतो आणि केशरी पुढे येतो. काही महिन्यांनी हनुवटीखाली आणि मानेच्या बाजूंना पिवळा चढायला लागतो. दोन-तीन वर्षांचा झाला की हाच साप भगवा-लाल, ठिपक्यांना काळी किनार असा इतका देखणा होतो की माझ्या मते अर्ध्याअधिक महागड्या मॉर्फपेक्षा, म्हणजे जोड्या लावून काढलेल्या खास रंगांच्या सापांपेक्षा, हा साधा कॉर्न स्नेकच उजवा. मुलाला सांगा आज एक फोटो काढून ठेव, त्याच जागी त्याच उजेडात, आणि दर कातीनंतर परत काढ.

पहिली कात टाकेपर्यंत खायला देऊ नका, तोवर त्यांच्या पोटात अंड्यातल्या बलकाचा साठा असतो. नंतर एकेकाला वेगळ्या डब्यात ठेवून पिंकी, म्हणजे नुकतंच जन्मलेलं, केस न आलेलं गुलाबी उंदराचं पिल्लू द्या.

स्नो म्हणजे अमेल आणि अनेरी हे दोन्ही बिघाड एकाच सापात दिसणं. तसे पाहिजेत तर दोन रस्ते आहेत. एक, याच भावंडांची मोठेपणी जोडी लावायची. मग प्रत्येक अंड्यामागे १६ मध्ये ९ वेळा साधं, ३ वेळा अमेल, ३ वेळा अनेरी आणि १ वेळा स्नो असा हिशोब येतो. पण हा प्रत्येक अंड्याचा वेगळा जुगार आहे, १६ अंडी झाली म्हणजे एक स्नो नक्की असं अजिबात नाही, १६ अंड्यांत एकही स्नो न निघण्याची शक्यता साधारण ३५ टक्के आहे. म्हणून मी दुसरा रस्ता सांगेन. यातली एक चांगली खाणारी मादी ठेवायची आणि मोठी झाल्यावर तिला दुसऱ्या कुटुंबातला, रक्ताचं नातं नसलेला स्नो नर आणायचा, मग प्रत्येक अंड्याला स्नोची शक्यता चारात एक होते आणि भावंडांचं लग्न लावायची वेळ पण येत नाही. घाई मात्र नको. मादीसाठी जुने लोक तीन-तीन-तीन म्हणतात, म्हणजे तीन वर्षं वय, तीन फूट लांबी, तीनशे ग्रॅम वजन, त्याच्या आत अंड्यावर घालायची नाही.

बाकीची पिल्लं देताना चिठ्ठीवर स्पष्ट लिहा की अमेल आणि अनेरी दोन्हीसाठी हेट, आईबाप कोण, कधी निघाली. तुमच्या पिल्लांचं हेटपण शंभर टक्के आहे कारण आईबापांचे रंग समोर आहेत. बाजारात ६६ टक्के हेट, ५० टक्के हेट असे शब्द दिसतील, त्याचा अर्थ पिल्लात ६६ टक्के रंग आहे असा नसतो. दोन हेटांच्या पोटची जी साधी दिसणारी पिल्लं असतात त्यातली तीनात दोन रंग लपवून असतात आणि एक नसतं, आणि कुठलं ते बघून कळत नाही, म्हणून प्रत्येकावर ६६ लिहितात. हेट आणि पूर्ण साधा यांची जोडी असेल तर ५०. एवढं कळलं की निम्मे व्यवहार आपोआप सरळ होतात.

प्रश्न: नुकतंच निघालेलं कॉर्न स्नेकचं पिल्लू बघून ते कुठल्या मॉर्फचं आहे हे खात्रीने सांगता येतं का? मी तीन वेगवेगळ्या लोकांना एकच फोटो पाठवला, तिघांनी तीन नावं सांगितली. (डॅलस)

काहींचं येतं, काहींचं नाही, आणि फोटोवरून तर फारच जपून. अमेल पिल्लू ओळखायला काही लागत नाही, अंगावर काळ्याचा एक ठिपका नसतो आणि डोळे लाल. स्नो पण ओळखू येतं, गुलाबीसर पांढरं, आतलं रक्त दिसल्यासारखं, पिवळी झाक पुढे वय वाढल्यावर मानेवर येते आणि बऱ्याच लोकांना वाटतं साप आजारी पडला, तसं नसतं, ते नॉर्मल आहे. अनेरीच्या मानेवरही असाच पिवळा येतो.

घोळ होतो तो करड्या पिल्लांत. लॅव्हेंडर नावाचा मॉर्फ मोठेपणी जांभळट-राखाडी होतो, पण अंड्यातून निघताना तो आणि अनेरी शेजारी ठेवले तर भलेभले चुकतात. अशा वेळी दोन-तीन काती थांबायचं. ब्लडरेडची तर गंमतच वेगळी, पिल्लाचं डोकं चंदेरी-करडं आणि अंगावर ठिपके चांगले ठळक, आणि मोठं होता होता ठिपके विरघळत जाऊन अख्खा साप एकसारखा गडद लाल. म्हणून पिल्लू उलटं करून पोट बघा, हळूच, तळहातावरून सरकू द्यायचं, दाबायचं नाही. साध्या कॉर्न स्नेकच्या पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असते. ब्लडरेडच्या पोटावर हे चौकोन नसतात, मोटली नावाच्या मॉर्फच्या पण नसतात, पण मोटलीच्या पाठीवरचे ठिपके जोडले जाऊन मध्ये गोल-गोल साखळी तयार होते, त्यावरून तो वेगळा काढता येतो. पाठ आयुष्यभर बदलत राहते, पोट बऱ्याच अंशी पहिल्या दिवशीच खरं बोलतं.

आणखी एक, अंडी उबवताना तापमान वरखाली झालं तर पाठीवरची नक्षी तुटक किंवा वेडीवाकडी येऊ शकते आणि लोक लगेच नवीन मॉर्फ सापडला म्हणून जाहीर करतात. ते जीनमधून आलेलं नसतं, पुढच्या पिढीत जात नाही. कॉर्न स्नेकची अंडी २७ ते २९ अंश सेल्सिअसला स्थिर ठेवली की साधारण दोन महिन्यांत निघतात, जास्त गरम करून लवकर काढायच्या नादाला लागू नका, रंगापेक्षा पाठीचा कणा वाकडा होण्याची भीती मोठी. आणि पिल्लाने अंडं फाडून तोंड बाहेर काढलं की एक-दोन दिवस ते तसंच बसून राहतं, आत बलक शोषायचं काम चालू असतं. रंग बघायच्या उत्सुकतेपोटी त्याला ओढून बाहेर काढू नका हो, कृपा करून.

प्रश्न: मी लेस्टरला असतो. इथे एक जण स्पायडर मॉर्फचा रॉयल पायथन स्वस्तात देतोय. पिल्लू फार सुंदर आहे पण मान जराशी वाकडी धरतं. तो म्हणतो मोठा झाला की जाईल. घेऊ का?

नको. आणि मान वाकडी धरणं जाणार नाही.

ज्याला तुमच्याकडे रॉयल आणि अमेरिकेत बॉल पायथन म्हणतात तो मूळचा आफ्रिकेतला, पाळण्यासाठी घाना, टोगो, बेनिनकडून खूप बाहेर गेला, आणि मॉर्फचा सगळ्यात मोठा बाजार आज याच सापाचा आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क यांच्याकडे कैदेतली पहिली अल्बिनो पिल्लं निघाली, १९९७ मध्ये पीटर काल यांनी पायबाल्ड, म्हणजे पांढऱ्या अंगावर रंगाचे तुकडे असलेला, आनुवंशिक आहे हे दाखवलं, आणि तिथून पुढे एकावर एक रंग चढवत शेकडो नावं झाली. यातले बरेच रंग कॉर्न स्नेकसारखे लपून बसत नाहीत, एकच जीन मिळाला तरी दिसतात आणि दोन मिळाले तर आणखी वेगळेच दिसतात. पेस्टल घ्या, एक जीन असेल तर पिवळसर, दोन असतील तर सुपर पेस्टल, जास्त फिका आणि जास्त उजळ. त्यामुळे पैसे लवकर सुटतात आणि त्यामुळेच लोक रंगामागे जनावर विसरतात.

स्पायडरमध्ये जो जीन ती जाळ्यासारखी बारीक नक्षी देतो तोच जीन तोल बिघडवतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पायडर सापांच्या डोक्यांचे सीटी स्कॅन केले, तर आतल्या कानाचे तोल सांभाळणारे भागच वेडेवाकडे घडलेले सापडले. म्हणजे सवय नाही, आजार नाही, अशक्तपणा नाही, जन्मापासूनची घडणच तशी. कुणात कमी दिसतं, कुणात इतकं की भक्ष्यावर झडप घालताना साप उलटा पडतो आणि डोकं गरगर फिरवत बसतो. कमी त्रास दिसणाऱ्या स्पायडरच्या पोटी जास्त त्रासाचं पिल्लू निघू शकतं, त्यामुळे चांगला चांगला निवडून वंश सुधारू ही पळवाट पण नाही. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या शोमध्ये स्पायडर विकायला बंदी घातली ती उगाच नाही. शॅम्पेन आणि वोमा या मॉर्फमध्येही तोल जायचा त्रास आहे. डेझर्टच्या माद्यांना अंडी नीट होत नाहीत. कॅरामल अल्बिनोत कणा वाकडा निघायचं प्रमाण जास्त. कॉर्न स्नेकमध्येही सनकिस्ड नावाच्या रंगाच्या काही घराण्यांत स्टारगेझर म्हणून दोष आहे, पिल्लू मान वर करून आकाशाकडे बघत राहतं, पण तो दोष वेगळ्या जीनचा असल्यामुळे टेस्ट करून काढून टाकता येतो. स्पायडरमध्ये नक्षी आणि दोष वेगळे करताच येत नाहीत, फरक हा आहे.

ज्याच्याकडे आधीच असा साप आहे त्याने तो प्रेमाने सांभाळावा, बरेच जण वर्षानुवर्षं नीट जगतात. फक्त त्याची पिल्लं काढू नयेत. सुंदर पाहिजे असेल तर पायबाल्ड बघा, त्यात मजा अशी की दोन पायबाल्डच्या पोटी कुणावर किती पांढरा येईल हे आधी कुणीच सांगू शकत नाही, आणि तो साप ताठ मानेने फिरतो. फक्त पिल्लाचा रंग बघून किंमत देताना लक्षात ठेवा, पेस्टलचा पिवळा वयानुसार मळतो, आणि बनाना मॉर्फचं पिल्लू अगदी स्वच्छ पिवळं निघालं तरी मोठेपणी अंगभर काळे तीळ उठतात. म्हणून विकणाऱ्याला नेहमी आईबाप दाखव म्हणायचं, समोर, जिवंत, फोटोत नाही.

प्रश्न: सर मी पुण्यात झूलॉजी करतेय. ग्रीन ट्री पायथनची पिल्लं पिवळी किंवा लाल आणि मोठे साप हिरवे, हे मॉर्फ आहे की वयाचा बदल? आणि आपल्याकडच्या सापांत असं काही आहे का?

छान प्रश्न विचारलास. हा वयाचा बदल आहे, प्रत्येक निरोगी सापात होतोच, मॉर्फशी संबंध नाही. न्यू गिनीत आणि ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्कच्या टोकाला हा साप असतो. केप यॉर्कला संशोधकांनी रानातल्या सापांचा पाठलाग करून बघितलं तर पिवळी पिल्लं साधारण ५५ सेंटिमीटरची झाली की हिरवी होतात, आणि नेमकी त्याच सुमाराला त्यांची राहायची जागा बदलते. लहानपणी ती जंगलाच्या कडेला, मोकळ्या उजेडात, जमिनीजवळ पालीसरडे धरत असतात, तिथल्या पाचोळ्यात आणि उन्हाच्या तुकड्यांत पिवळा रंग पक्ष्यांच्या नजरेला लपतो. मोठे झाले की उंदीर-पक्षी खायला उंच पानांत जातात, तिथे हिरवा लपतो. २००७ मध्ये हे काम छापून आलं, कॉलेजच्या लायब्ररीतून मिळव आणि नक्की वाच, पक्ष्याच्या डोळ्याला रंग कसा दिसत असेल ते त्यांनी मोजून दाखवलंय, आपल्या डोळ्याने ठरवलेलं नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

हिरवा होतो कसा? सापात हिरवा रंग म्हणून पदार्थ सहसा नसतो. खाली स्फटिकाच्या पेशी निळा उजेड परतवतात, त्यावर पिवळ्याचा थर, दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. म्हणूनच अमेरिकेतले हिरवे गवती साप मेल्यावर किंवा म्युझियमच्या बरणीत निळे पडतात, पिवळा निघून जातो आणि खालचा निळा उघडा पडतो.

आपल्याकडे बघायचं तर पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडताना गवत्या दिसेल. मोठा गवत्या एकसारखा हिरवा, पण पिल्लाच्या मानेवर काळी ठसठशीत खूण आणि तिला लागून पिवळा, आणि हे पुढे पुसट होत जातं. लोक पिल्लाला वेगळाच विषारी साप समजून मारतात, त्याचं फार वाईट वाटतं. दुसरा मांडूळ. मोठा मांडूळ मातकट तपकिरी ते काळसर, पण पिल्लू लालसर असतं आणि शेपटीकडे काळे पट्टे. हे तुमच्या गावाकडच्या लोकांना पण सांग, म्हणजे पिल्लं वाचतील.

प्रोजेक्टसाठी कल्पना शोधत असशील तर, अमेरिकेत ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीत बॉल पायथनच्या रंगांचे जीन्स शोधायचं काम पदवीच्या विद्यार्थ्यांनी वर्गात केलंय, २०२२ मध्ये छापून आलं. रक्त नाही, सुई नाही, साप पाळणाऱ्यांनी टाकलेल्या काती पोस्टाने पाठवल्या आणि कातीतून डीएनए काढला. अल्बिनोच्या मागे टायरोसिनेजचा, म्हणजे काळा रंग बनवायला लागणाऱ्या एन्झाइमचा, जीन आहे हे त्यातून निघालं. कातीत एवढं सगळं असतं. आपल्याकडे मात्र रानातल्या सापाची कात गोळा करायची तरी आधी गाइडला आणि वनखात्याला विचार.

प्रश्न: गाजर, बीट, फ्लेमिंगोला देतात तसला खाऊ उंदरांना घालून तेच उंदीर सापाला दिले तर लाल रंग वाढेल का? (दुबई)

मॉर्फ बदलत नाही. अमेलचा काळा परत येणार नाही आणि अनेरी लाल होणार नाही, कारण तिथे कारखानाच बंद आहे, कच्चा माल ओतून उपयोग काय. साप अचानक मळकट, निळसर आणि डोळे दुधी दिसायला लागले तर तो कात टाकणार आहे, थांबा, दमटपणा वाढवा, हात लावू नका. कात गेल्यावर जो रंग दिसतो तो खरा. आणि विकायच्या फोटोंमधला लाल बऱ्याचदा बल्बचा आणि फिल्टरचा असतो, दिवसाच्या उजेडातला व्हिडिओ मागा.

प्रश्न: आमच्या शेतात नाशिकजवळ पांढरा नाग निघाला, पिल्लूच आहे. भाचा म्हणतो हा अल्बिनो आहे, लाखात जाईल, ठेवून घेऊ आणि साध्या नागाशी जोडी लावू.

दादा, आजच्या आज १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करा. नाग वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, पकडून ठेवणं, विकणं, जोडी लावणं सगळाच गुन्हा आहे आणि पांढरा आहे म्हणून त्यात सूट नाही. दुसरं त्याहून महत्त्वाचं, रंग गेला तरी विष जात नाही. नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच दात आणि विष घेऊन. भाच्याला त्याच्या जवळ फिरकू देऊ नका, वर टोपली बिपली झाकायला जाऊ नका, लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्र येईपर्यंत लहान मुलं आणि कुत्री आत घ्या. फोटो काढलाच तर लांबून, आणि गावाचं नाव टाकून व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, कारण लाखात जाईल असं वाटणारा तुमचा भाचा एकटाच नाही.

प्रश्न: मुंबईत बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पाळून ब्रीडिंग करता येईल का? एक जण अंधेरीत पिल्लू आणून देतो म्हणतोय, कागद नंतर करू म्हणतो.

कागद नंतर करू म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, साप तर नाहीच. सगळे अजगर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारात आहेत, बॉल पायथन त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये सुधारणा झाल्यापासून असे परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. २८ फेब्रुवारी २०२४ ला त्यांची माहिती देण्याचे आणि नोंदणीचे नियम निघाले, नोंदणी परिवेश पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे होते. प्राणी आला, गेला, मेला, पिल्लं झाली, सगळं कळवावं लागतं. कॉर्न स्नेक सायटिसच्या यादीत नाही, पण म्हणून तो बॅगेत घालून आणता येतो असं नाही, परदेशातून जिवंत प्राणी आणायचे परवाने वेगळे लागतात.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत कोंबलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक पकडले होते. तुम्हाला आणून देतो म्हणणाऱ्याचं पिल्लू कुठून येत असेल याचा विचार करताना हे डोळ्यासमोर ठेवा. पाकिटात गुदमरून, तहानलेलं, थंडीने गारठलेलं पिल्लू तुमच्या हातात येतं तेव्हा रंग चमकत असतो आणि आतून जनावर खचलेलं असतं, बरीचशी पहिला घासही न घेता मरतात, आणि आईबाप कोण हेच माहीत नसल्यामुळे तुमच्या ब्रीडिंगला त्याचा उपयोग शून्य.

तुम्हाला मनापासून करायचंच असेल तर क्रम असा ठेवा. आधी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन आज काय चालतं ते विचारा, नियम नवे आहेत आणि बदलत असतात, तोंडी उत्तरावर न थांबता अर्ज देऊन लेखी घ्या. मग आधीच नोंदणी असलेल्या माणसाकडून, नोंदणीचा कागद स्वतः बघून, त्यावरचं नाव आणि सापाचं वर्णन जुळतंय का पाहून, हस्तांतराची नोंद करूनच साप घ्या. सापावर उपचार करणारा पशुवैद्य तुमच्या भागात आहे का ते आधी शोधा, मुंबईत मोजकेच आहेत. एकच साप घ्या, साध्या रंगाचा, निदान दोन-तीन वर्षं तो सांभाळा, आणि जोडीचा विचार तेव्हाच करा जेव्हा निघणाऱ्या प्रत्येक पिल्लाला वेगळा डबा, खाऊ आणि कागद असलेला पुढचा मालक हे सगळं तुमच्याकडे तयार असेल.